वानरानं दिलेली तारीख

"कुणी देवाशपथ सांगितलं तरी तुमाला पटायचं नाय, पण परवा कोर्टाचं काम एका वानरानं बंद पाडलं!" कोपरच्या टपरीवर बाकड्यावर मांडी घालत रघुबाबा म्हणाला.

"वानर कुणाचा वकील होता?" मयूर रिक्षावाल्यानं विचारलं.

"हस रं, हस."

कोर्ट कल्याणचं. दावा बांधाचा, अकरा वर्षं चाललेला, आणि लावलेला रघुबाबाच्याच सख्ख्या थोरल्या भावानं; जोमा त्याचं नाव. जोमा राहतो लेकीकडे, मुरबाडच्याही वर एका वाडीत. पाय गेलेले, एसटी दिवसाला एक. पूर्वी त्याला यायलाच जमायचं नाही, नुसत्या तारखा पडायच्या. आता लेक फोन धरते आणि जोमा खाटेवरून कोर्टात हजर होतो. इकडे रघुबाबा रुपालीच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसतो. पडद्यावर दोघांचे चौकोन शेजारी शेजारी, एका पंगतीला बसल्यासारखे. दाव्याबाहेर दोघांत अकरा वर्षांत एक शब्द नाही.

बायको गेल्यापासून रघुबाबाला घरात नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कोर्टात निदान पुकारा तरी व्हायचा. तारखेच्या आदल्या दिवशी तो न चुकता दाढी करून यायचा. मागच्या खेपेला जोमाचे पुढचे दात गेलेले दिसले. परवा तर गड्यानं बंडी उलटी घातलेली.

"जज्जसाहेब म्हणाले, जोमा बांध सोडायला तयार आहेत, तुम्हाला मान्य आहे का? हो म्हटलं की दावा खलास. मी तोंड उघडलं, तवर वानर टॉवरवर! वायरच चावली त्यानं. माझा आवाज गडप. साहेबांना नुसते ओठ हलताना दिसले. बिचाऱ्यांनी दिली पुढची तारीख."

"अरे देवा, जिंकलेली केस घालवलीन मेल्यानं!" टपरीवाली शकू हळहळली. "आता रे बाबा?"

"आता काय, एकवीस तारीख. बसायचं परत," रघुबाबा म्हणाला आणि खुशीत चहा बशीत ओतू लागला.

मागं रुपाली कधीची उभी होती, पार्सल चहासाठी.

"बाबा, कसलं वानर नि कसली वायर? माईक तुम्हीच बंद केलात. मी शेजारीच उभी होते. नुसते ओठ हलवत बसलात, जोमाबाबांकडं बघत. आणि मागच्या तारखेलाही हेच केलंत."