एकट्या माणसाचा परवाना

डोंगरावर जायचं तर आधी परवान्यासाठी वनखात्याच्या कार्यालयाच्या खिडकीवर जावं लागतं, हे आपल्याला काही नवीन नाही. त्या खिडकीमागे बसणारा कारकून तसा वाईट नव्हता बरं का. फक्त नियमावर बोट ठेवायची सवय हाडीमासी खिळली होती. फलकावर लिहिलेलं, 'किमान दोन व्यक्ती'. एकटं कोणी आलं की तो मान वर न करताच म्हणायचा, "जोडीदार घेऊन या."

त्या सकाळी पाठीवर सॅक आणि पायात झिजलेले बूट अशा साठीच्या एका बाईंनी अर्ज आत सरकवला. नावं दोन, ओळखपत्र मात्र एकच.

"या दुसऱ्या बाई कुठायत?"

"माझी बहीण. दोन वर्षांपूर्वी गेली."

"अहो, मग गेलेल्या माणसाचं नाव कसं लिहिता?"

"काय करू? तीस वर्षं आम्ही दोघीच जायचो. आता मला दुसरं कोणी नाही. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर चढणं होईल, न होईल. एकदा माथ्यावर जाऊन येऊ द्या."

कारकुनाने अर्जावर लाल रेघ मारली. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

म्हाताऱ्या शिपाईमामांना ते बघवेना.

"साहेब, डोंगर कुणाचा?"

"जनतेचा."

"मग एकटा माणूस जनतेत मोडत नाही का?"

"मामा, त्या पडल्याबिडल्या तर कळवणार कोण? नियम उगाच नाही."

"खरंय. म्हणजे मागे खबर ठेवणारं कोणीतरी हवं. ते आपण व्हायला काय हरकत आहे? उद्या तुम्हालाच जावंसं वाटलं, तर दुसरं नाव कुणाचं लिहाल?"

कारकुनाने आठवून पाहिलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी. संध्याकाळी तो घरी पोचला की नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं. अरे, आपल्या खिडकीवरून तर आपणही परत गेलो असतो!

त्याने वरिष्ठांना फोन लावला. ते चिडले. "जबाबदारी तुमची!" म्हणाले.

"हो, माझीच," म्हणत कारकून उठला आणि बाहेर गेला. "बाई, नाड्या बांधा. पायवाट सोडायची नाही. पाचला खाली या. मी थांबतो. नाही आलात तर माणसं घेऊन वर येईन."

पाच वाजले. बाईंचा पत्ता नाही. सव्वापाचला कारकुनाचा जीव टांगणीला लागला, आणि तो मामांना घेऊन निघालाच. पहिल्या वळणावरच बाई लंगडत उतरताना दिसल्या.

"उशीर झाला हो. तुम्ही अजून थांबलात?"

कारकुनाला रागही आला आणि डोळेही भरून आले. कितीतरी वर्षांनी त्याने कुणाची तरी वाट पाहिली होती.

आता त्या अर्जात जोडीदार नसेल, तर 'खबर ठेवणारा' म्हणून कार्यालयाचं नाव लिहितात. मंडळी, एकट्याला दारातून परत पाठवणं सोपं असतं. तो सुखरूप परतेपर्यंत त्याची वाट पाहणं, हे आपलं सगळ्यांचं काम आहे.