बोटभर जागा

"बूट काढा," मी म्हणाले.

"आधी नीट बघ तरी," असं म्हणत मास्तरांनी उजवा पाय माझ्या स्टुलावर ठेवला.

बघितला. न बघून सांगते कुणाला? तपकिरी, नाडीचा, आणि इंचाला मोजून बारा टाके. असा बूट आमच्या शहरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. चार वर्षांनी माझ्यासमोर आले होते आणि आल्या आल्या माझीच परीक्षा घेत होते. मी नाडी सोडली, टाच धरून बूट हलकेच ओढला. मोजा अंगठ्यापाशी ओला आणि लाल झाला होता. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

"दुखतंय का?"

"काय दुखायचंय? मुलीनं उगाच धरून आणलंय. चादरीला डाग दिसला म्हणे."

हे मास्तर म्हणजे बुटांच्या कारखान्यात ज्यांच्या हाताखाली मी एकवीस वर्षं काढली ते. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाले होते, "ही फूटपट्टी कुणी पाठवली?" मी उंच आणि काडीसारखी. तेव्हापासून माझं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. कापायची रापी कशी धरायची, कातडं कुठल्या अंगानं ताणतं, माप कसं घ्यायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मी विभागप्रमुख झाले तेव्हा साऱ्या कारखान्याला चहा त्यांनीच पाजला.

आणि ती नोकरी मी सोडली. झालं असं, की सासूबाईंना घेऊन या सरकारी दवाखान्यात आले होते. पायांच्या जखमांच्या खोलीबाहेर रांग होती. कुणाची चप्पल सुतळीनं बांधलेली, कुणी बुटाचं तोंड कापून बोटं मोकळी सोडलेली. आत डॉक्टरबाई एका माणसाचा बूट बँडेजच्या कात्रीनं कापत होत्या, आणि इतकं वाईट कापत होत्या की मला राहवेना. "कात्री अशी नाही धरायची," म्हणत मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तासाभरानं तो माणूस आपल्या पायांनी घरी गेला. तोवर मी हजारो बायकांना उंच टाचा करून दिल्या होत्या. त्यांतली एकही चालत घरी जाताना मी पाहिली नव्हती.

सहा महिन्यांनी त्या खोलीशेजारी, जुन्या चादरींच्या कोठीत, अशा पायांसाठी बूट करायला माझं टेबल लागलं. नवरा म्हणाला, "चालत्या गाडीतून उडी मारलीस. लागलं तर सांग." सासूबाई म्हणाल्या, "लोकांचे पाय धरायची नोकरी." मास्तर समोर काही बोलले नाहीत. पण माझ्या हातचा एक बूट त्यांनी कुणाच्या तरी पायात पाहिला आणि निरोप पाठवला, "खोकीच करायची होती तर सुतारकाम शिकायचंस." तो निरोप चार वर्षं माझ्या मनातून गेला नव्हता.

डॉक्टरबाईंनी जखम धुतली, तपासली आणि मास्तरांसमोरच सांगितलं. "अंगठ्याखाली खोल गेलीय. हाड अजून वाचलंय. सहा आठवडे बघू. भरली तर ठीक, नाहीतर अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल."

दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असे मास्तर बसून होते. पट्टी बांधून झाल्यावर मी त्यांचा दुसरा, डावा पाय घेतला. नायलॉनचा जाड धागा हातात धरून मी म्हणाले, "डोळे मिटा. धागा टोचला की हो म्हणा." मी तळव्याला दहा जागी तो टेकवला.

"कर की सुरू," ते जरा वेळानं म्हणाले.

"झालं, मास्तर."

त्यांनी डोळे उघडले. "शुगरनं पायाला काही झालं असेल. पण त्यात बुटाचा काय दोष? बूट मापात आहे."

"कुणाच्या मापात?"

"माझ्या. घालून बघितला की मी. पहिल्यांदा ढिला लागला, उसवून आत घेतला. परत ढिला. तीनदा उसवला तेव्हा कुठे पायाला बरा वाटला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बधिर पायाच्या माणसाला घट्ट बूटच बरा वाटतो, हे मी रोज ऐकत होते. पण मास्तरांनी? आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय मोजलेल्या माणसानं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तोंडानं काही सांगायला गेले नाही. जमिनीवर कागद पसरला, डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं आणि पेन्सिल फिरवली. मग त्यांचाच डावा बूट त्या आकृतीवर ठेवला. रेषा सगळीकडून बाहेर आली होती, करंगळीपाशी तर चांगली अर्धं बोट.

"पेन्सिल तिरकी धरलीस."

"मग तुम्ही धरा."

त्यांनी पेन्सिल घेतली, स्टुलावर बसून वाकले आणि आपल्या पायाभोवती स्वतः रेघ ओढली. सरळ उभी पेन्सिल, एक थरथर नाही. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. "गिऱ्हाईक खोटं बोलतं, कागद बोलत नाही," हे त्यांचंच वाक्य. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला कसं कळलं नाही, फूटपट्टी?"

"करकचून दाबल्याशिवाय पायाला बूट घातल्याचंच कळत नाही आता. तुमचा हात चुकला नाही, मास्तर. पायानं फसवलं."

दोन दिवसांत मी त्यांना बूट करून दिले. पुढून रुंद, आत मऊ, जखमेखालची जागा पोकळ, तळवा होडीसारखा वाकवलेला, म्हणजे चालताना अंगठ्यावर भार येत नाही. बोटांपुढे बोटभर जागा. त्यांनी मुकाट्यानं घेतले. मला वाटलं, जिंकले.

दोन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी मान हलवली. जखम होती तेवढीच होती. मी मास्तरांचे बूट उचलून उलटे केले. तळवे कोरे करकरीत होते. घरातून दवाखान्यात येण्यापुरतेच त्यांनी ते घातले होते. संध्याकाळी फिरायला जाताना तोच तपकिरी जोड.

मग माझा तोल सुटला. "माझी एक टाच तुम्ही अकरा वेळा उसवायला लावली होतीत. मी रडले, तरी बाराव्यांदा केली. आणि आता मी एक गोष्ट सांगतेय तर ऐकायची नाही? बोटं जायला निघालीत, मास्तर."

"हे घालून मी रस्त्यानं जायचं?" ते शांतपणे म्हणाले. "लोक मला तोंडावरनं नाही ओळखत गं. बुटावरनं ओळखतात."

मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. चार वर्षं मी जखमांसाठी बूट करत होते, माणसांसाठी नाही. बाकीचे रोगी कधी बोलले नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार? पण त्यांतले किती बूट घरात कोपऱ्यात पडून असतील, हे मी कधी तळवे उलटून बघितलंच नव्हतं. त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाचे बूट उलटे केले. निम्मे कोरे निघाले.

कोठीचं दार लावून मी पुन्हा बसले. माप तेच, पोकळी तीच, तळवा तोच. फक्त पुढची शिलाई दोन रेघा आत घेतली, म्हणजे नजर तिथंच अडते आणि बाहेरची रुंदी दिसत नाही. होडीसारखा तळवा गडद कडेखाली लपवला. कातडं तपकिरी. इंचाला बारा टाके, आणि ते घालताना माझी बोटं सोलून निघाली. एकवीस वर्षांत शिकलेलं सगळं त्या जोडात ओतलं. टाच करतानाचं कसब कुठे वाया गेलं नव्हतं, ते इथं लागायचं होतं.

मास्तरांनी बूट उजेडात धरला. फिरवला. आत बोट घातलं.

"आत ढिला आहे."

"बोटभर."

"बाहेरून दिसत नाही."

ही त्यांची शाबासकी. कारखान्यात मला अशा तीन मिळाल्या होत्या, ही चौथी.

त्यानंतर दर मंगळवारी मी आधी बुटाचा तळवा बघायची आणि मग डॉक्टरबाई पाय बघायच्या. तळवा झिजत गेला, धूळ बसली, टाचेची कड गोल झाली. जखम चवलीच्या नाण्याएवढी होती ती डाळीएवढी झाली. सहा आठवडे भरले त्या मंगळवारी डॉक्टरबाईंनी टॉर्च मारला, अंगठा वर उचलला, चहूबाजूंनी दाबून पाहिलं.

"बंद," त्या म्हणाल्या. "कातडी आलीय. बोटं तुमचीच राहिली, मास्तर. पण हेच बूट घालायचे, कायम."

मी कोठीत गेले आणि हुंदके देऊन रडले. आनंदानं रडायला लाज कसली? घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मग उडी बरी पडली म्हणायची." सासूबाईंनी नुसतेच आपले पाय पुढे केले आणि म्हणाल्या, "माझंही माप घे."

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा हजर. हातात पिशवी. तपकिरी जोड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, नाडी नीट बांधून.

"दुरुस्तीला?"

"राहू दे इथंच. लोकांना दाखवायला," ते म्हणाले. "आणि एक स्टूल जास्तीचं माग. तू अजूनही पेन्सिल तिरकीच धरतेस."

आता सोमवारी आणि गुरुवारी माझ्या बूटकामाच्या कोठीत दोन स्टुलं असतात. तळवे उलटून बघितल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही, आणि कोरा तळवा दिसून महिने झाले.

परवा एक पोस्टमन आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मला घट्टच लागतात बुवा. ढिले घातले की पायात काही नसल्यासारखंच वाटतं."

मास्तरांनी तपकिरी जोडातला उजवा बूट त्याच्या हातात दिला. "आत हात घाला."

पोस्टमननं हात घातला. अंगठ्यापाशी बोट थांबलं, तिथं रक्त वाळून कातडं अजून काळं आणि कडक आहे. त्यानं बूट बाहेरून फिरवून बघितला. "शिलाई काय सुरेख आहे. कुणी केलाय?"

"होता एक," मास्तर म्हणाले. "फार शहाणा होता. पाय ठेवा इथं कागदावर."

आणि पेन्सिल सरळ उभी धरून त्यांनी टाचेपासून सुरुवात केली.