मास्तरांचा पाय आणि तीन बाह्यांचा कोट

पैज लागली ती उशीच्या अभ्र्यावरून. टेलरमास्तरांनी डोळे मिटून, ऐन ध्यानात, एका शर्टाची बाही उशीच्या अभ्र्याला शिवून टाकली होती आणि शेजारचा घड्याळवाला ते प्रकरण अंगाला लावून दुकानाच्या दारात नाचत होता.

मास्तर माणूस बोलका. दातात सुई असली तरी तोंड चालूच. पण मांडी घालून तासन्‌तास काजं-बटणं करता करता त्यांची गुडघ्याजवळची नस दबली आणि उजव्या पायाचा पंजा जो लोंबला तो लोंबलाच. मास्तर चालत पुढे, चप्पल मागे. घड्याळवाला ती उचलून आणायचा आणि अदबीनं म्हणायचा, "मास्तर, तुमचं पार्सल."

व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी नडगीवर दोन चकत्या चिकटवल्या. चकत्यांची वायर एका डबीत. डबीनं झिणझिण सोडली की पंजा आपोआप वर.

"करंटनं नस बरी होत नाही हं," बाई म्हणाल्या. "ती सावकाश आपली आपण जागी होईल. तोवर स्नायू आळशी व्हायला नको. पाय ओळखीच्या जागी ठेवा, मशीनच्या पायडलवर. डावा पाय स्टुलावर, त्यानं मधे चोंबडेपणा करायचा नाही. डोळे बंद, तोंड बंद, सगळं लक्ष अंगठ्यावर."

"तोंड बंद?" मास्तरीणबाई उजळल्या. "बाई, ही डबी रात्रंदिवस लावता येते का हो?"

आता चूक म्हणाल तर एवढीच, की पायडल हललं आणि मशीन खटखटलं की मास्तरांचे हात ऐकेनात. पुढ्यात येईल ते सुईखाली सारायचे. डोळे उघडून बघतात तो उशीचा अभ्रा, त्याला बाही.

"ध्यानबिन काही नाही," घड्याळवाला म्हणाला, "झोपता तुम्ही! जागेपणी गप्प बसणं तुमच्या बापजन्मात जमायचं नाही."

"लाव पैज."

"लावली! बाई शेवटचं तपासायला येईपर्यंत एकाही बैठकीत अवाक्षर काढलंत तर तुम्ही हरलात. नाही काढलंत तर मी. हरेल त्यानं हे जे काही शिवलं जातंय ना, ते घालून बाजारभर हिंडायचं. फुलवालीपासून मासळीबाजारापर्यंत."

"मी कसा हिंडणार? चप्पल?"

"मी आहे की मागे. पार्सल पोचवीन."

मास्तर हसले खरे. त्या तपासणीत पाय उठला नाही तर दुकान मेहुण्याला द्यायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुणा तिथं मोबाइलची कव्हरं विकणार होता. येता-जाता फळ्यांची मापं घ्यायचा, तीसुद्धा मास्तरांच्याच टेपनं.

बैठका सुरू झाल्या. घड्याळवाल्यानं मास्तरांच्या कानाशी गजर लावले. मास्तर गप्प. "तयार कपडे काय छान बसतात हल्ली!" असंही म्हणून झालं. मास्तरांचे कान लाल झाले, पण तोंड शिवल्यासारखं बंद. इकडे कपडा वाढत गेला. अभ्र्याला पडदा जोडला गेला, पडद्याला मास्तरीणबाईंचा एप्रन, कॉलर आली पोटावर. एकदा मेहुणा माप घ्यायला मशीनवरून वाकला आणि त्याच्या कोटाची कड सुईखाली गेली. खेचाखेच केली, बोंबलला, शेवटी कोट तिथंच सोडून पळाला. आता बाह्या तीन झाल्या.

शेवटच्या बैठकीला घड्याळवाला घायकुतीला आला. बाई एवढ्यात येणार! तो टेबलाखाली शिरला आणि त्यानं डबीची वायर हळूच उपटली. मशीन थांबेल, मास्तर चिडतील, शिवी हासडतील, झालं काम.

खट खट खट खट.

घड्याळवाल्यानं हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग पायाकडे. त्याला दरदरून घाम फुटला.

मास्तरांनाही वाटलं, झिणझिण कुठं गेली? त्यांनी एक डोळा किलकिला केला. डावा पाय स्टुलावर. वायर घड्याळवाल्याच्या मुठीत. आणि मशीन धावतंय.

"अरे," मास्तर ओरडले, "मग पायडल कोण मारतंय?"

टेबलाखालून बारीक आवाज आला, "हरलात, मास्तर."

"हरलो!" मास्तर छातीवर हात मारून नाचायला उठले. "अगं ए, बाहेर ये! हरलो मी!"

मास्तरीणबाई झारा घेऊन धावत आल्या. पाठोपाठ डॉक्टरीणबाई. त्यांनी मास्तरांना खाली बसवलं, चकत्या काढल्या. "उचला." पंजा उठला. फार नाही, पण स्वतःचा स्वतः.

"नस निघाली प्रवासाला," बाई म्हणाल्या. "व्यायाम सोडायचा नाही."

"आणि माझ्या फळ्या?" दारातून मेहुण्यानं विचारलं.

"टेप ठेव खाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. झारा हातातच होता.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात मास्तर निघाले. कॉलर पोटावर, मागे पडद्याचा घोळ आणि तिसरी बाही कानाशी हेलकावे खातेय. घड्याळवाला मागून गजर वाजवत ओरडत होता, "या, बघा, हरलेला माणूस!" फुलवाली हसून हसून खाली बसली.

"मास्तर, हे कुणाच्या मापाचं?" भाजीवाल्यानं विचारलं.

"मेहुण्याच्या!"

मासळीबाजार आला. मास्तरांनी वळून पाहिलं. घड्याळवाला वाकून रस्ता धुंडाळत होता.

"काय रे, काय शोधतोस?"

"पार्सल," तो म्हणाला. "आज आलंच नाही."