विमान जोडणारा हातोडा

मी हातोडा बोलतोय. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. मला घाई जमत नाही. एक घाव नीट बसला की मग दुसरा.

माझा मालक पत्र्याचं काम करणारा. बादल्या, पेट्या, धुराडी. एके दिवशी त्यानं खोक्यांतून सुटं विमान मागवलं. दोन माणसांचं, घरी जोडायचं. शेजारी म्हणाले, याच्याच डोक्याचा एक रिव्हेट ढिला झालाय.

रिव्हेट, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारा खिळा, ठोकायला दोघं लागतात. पुढून मी, मागून लोखंडी ठोकळा धरणारं कुणीतरी. ते काम मालकीणबाईंचं. त्या आत वाकून म्हणायच्या, "मारा, धरलंय." मग मी पडायचो. सहा वर्षं हेच. विमान उडालं तेव्हा बाई रडल्या.

पुढं ती खोकी पाठवणारी कंपनीच बंद पडली. पुढच्या चाकाच्या दांड्याला तडा गेला, तर दुसरा दांडा कुठं मिळेना. मालकानं लोखंडी कांब तापवून माझ्याकडूनच घडवून घेतला. दिसायला अगदी तसाच होता.

उतरताना तो मोडला. नाक जमिनीत घुसलं, पंख्याचं पातं फुटून सुरीसारखं आत आलं. मी सीटमागच्या पिशवीतून काच फोडून बाहेर पडलो. मालकाला खरचटलंही नाही. पण शेजारी मेहुणा होता, बाईंचा धाकटा भाऊ. त्याचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. दवाखान्यात तो कापला.

विमा कंपनीचा माणूस आला. शांत, चांगला माणूस. दांडा कुणी बनवला? मालक म्हणाला, मीच. आणि विमान? तेही मीच.

"मग काका, कारखानदार तुम्हीच," तो म्हणाला. "घरच्या दांड्याला विमा नाही. उद्या विकलंत तरी जबाबदारी तुमच्या मागे येणार."

वर्षभरानं एक गिऱ्हाईक आलं. मोडकं चालेल, दुरुस्त करून उडवेन, काही झालं तर तुम्हाला दोष देणार नाही असं लिहून देतो, म्हणालं. मालकाचं मन विरघळलं. अपघातापासून बाई शेडमध्ये आल्या नव्हत्या. आज दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही द्याल लिहून," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "तुमच्या बहिणीला विचारलंत का?"

गिऱ्हाईक गेलं. मालकानं मला उचललं. पहिला घाव विमानाच्या उरल्या काचेवर, दुसरा नाकावर, मग पोटावर. पत्रा किंचाळत होता. मीच बसवलेले रिव्हेट मीच छऱ्यांसारखे उडवत होतो. एक मालकाच्या कपाळात रुतला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो थांबेना. पंख मात्र नुसता लवायचा, मोडायचा नाही. घाव फुकट जात होते.

तेव्हा बाई आत आल्या. कोपऱ्यातला ठोकळा उचलून पंखामागे वाकल्या.

"मारा," म्हणाल्या. "धरलंय."

आता माझं तोंड एका बाजूनं फुटलंय. मालकानं विमानाच्या उरलेल्या नळ्यांतून मेहुण्यासाठी कुबडी करायला घेतली, तर तो म्हणाला, "राहू द्या भावजी. मी दुकानातली आणलीय. तिचं रबर झिजलं तर दुसरं मिळतं." मालक हसला, खूप दिवसांनी.

बाबांनो, घरी काही उडणारं जोडत असाल तर मला बोलावू नका. मला बादल्याच द्या. बादली गळली तर पाणीच सांडतं.