तेल काढलं का?

मित्रांनो, मी एक जुना पितळी पंप आहे. पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विहिरीवरचा धडधडणारा पंप आला असेल, तर त्याला आधी बाजूला सारा. मी जेमतेम हातभर लांब आणि मनगटाएवढा जाड आहे. एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला दोन बारीक नळ्या, असा माझा थाट. होडीच्या इंजिनातले जुने, काळे तेल एका नळीने ओढून घ्यायचे आणि दुसरीने डब्यात सोडायचे, एवढेच माझे काम. ते करताना खाली एक थेंबही सांडू द्यायचा नाही, हा माझा बाणा.

माझा जन्म एका लेथवाल्या काकांच्या हातून झाला. त्यांचे दुकान अंधारे, पण हात फार चोख. त्यांनी माझे पोट आतून इतके गुळगुळीत केले की बोट फिरवले तर कुठे अडू नये. दांड्याच्या टोकाला त्यांनी चामड्याची चकती बसवली आणि ती तेलात भिजवली. मग माझी नळी अंगठ्याने घट्ट दाबून त्यांनी मूठ ओढली आणि सोडून दिली. मूठ आपोआप खटकन मागे गेली. काका म्हणाले, "दम आहे." आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे.

मला विकत घेतले एका तरुण खलाशाने. तो मोठ्या जहाजावर नोकरीला निघाला होता आणि जाण्याआधी वडिलांना काहीतरी कामाची वस्तू द्यावी असे त्याच्या मनात होते. वडील नदीवर होडी चालवत. इंजिनाची, लांबरुंद, दोन्ही बाजूंना बाके असलेली होडी. सकाळी नर्सबाई, मास्तर, पाववाला, भाजीवाल्या अशी सगळी मंडळी त्या होडीतून पलीकडच्या काठावर जात आणि संध्याकाळी परत येत. धक्क्यावर त्या वडिलांना सगळे कप्तान म्हणत. त्यांचे खरे नाव विचारले असते तर त्यांनाही क्षणभर आठवावे लागले असते.

कप्तानांनी मला उलटेसुलटे करून पाहिले आणि ते मुलाला म्हणाले, "ही पिचकारी कुणाला तरी झाडांवर फवारा मारायला दे." मित्रांनो, मी पितळेचा असलो तरी मला मन आहे. मला ते फार लागले. त्यांनी मला होडीच्या पेटीत, गंजलेल्या खिळ्यांच्या आणि एका फुटक्या कंदिलाच्या संगतीला टाकले. तिथे मी कितीतरी पावसाळे काढले.

त्यांचे तरी काय चुकत होते म्हणा. त्यांची रीतच वेगळी होती. होडीचे इंजिन तळाशी अगदी चिकटून बसलेले असते. तेल सोडायचा बोल्ट त्याच्या पोटाखाली, जिथे नजर जात नाही आणि ताटलीही नीट सरकत नाही. कप्तान पालथे झोपत, खांद्यापर्यंत हात आत घालत आणि चाचपून तो बोल्ट सोडत. बोल्ट दर वेळी तेलात पडे. तेल अर्धे ताटलीत आणि अर्धे होडीच्या तळात जाई. मग कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन ते वर येत आणि सगळ्यांना दिसतील असे पुसत बसत. हात काळे झाले नाहीत तर ते काम कसले, असे त्यांचे म्हणणे होते. पेटीत पडल्या पडल्या मी चरफडत असे.

तळात सांडलेले तेल थोडेच तिथे राहते? तळात साचलेले पाणी उपसून बाहेर टाकले की तेलही त्याबरोबर नदीत जाते. मग होडीच्या मागे पाण्यावर निळाजांभळा तवंग पसरतो. लांबून पाहणाऱ्याला तो सुंदर वाटतो. खालच्या अंगाला घागरी भरणाऱ्या बायकांना मात्र तो सुंदर वाटला नाही. त्यांनी थेट धक्क्याच्या तपासनिसांना गाठले. तपासनीस सभ्य माणूस होते. ते कप्तानांना एवढेच म्हणाले की पुन्हा तवंग दिसला, तर या होडीला या धक्क्यावर जागा नाही.

दुसरा धक्का कुठे जवळपास नव्हता. धक्का गेला की होडी गेली, आणि होडी गेली की कप्तान कुठले राहिले? त्या दिवसापासून म्हाताऱ्याचा आवाज उतरला. गुडघे आधीच कुरकुरत होते. त्यांनी सुकाणू सुनेच्या हाती दिले आणि स्वतः दोर सोडायचे, दोर बांधायचे एवढेच काम ठेवले. इंजिनाच्या झाकणाला ते हातही लावेनात.

सूनबाई म्हणजे त्या खलाशाची बायको. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचा फडशा पाडल्याशिवाय गप्प बसणार नाही, अशी. पहिल्याच आठवड्यात तिने पेटी उपसली आणि मी तिच्या हाती लागलो. तिने मला रॉकेलने धुतले, जुनी कडक झालेली चकती काढून नवी बसवली, आणि अंगठ्याने नळी दाबून मूठ ओढून पाहिली. हे तिला कुणी शिकवले कोण जाणे. मूठ खटकन मागे गेली तेव्हा ती स्वतःशीच हसली.

मग आमचे जमले ते जमलेच. आधी ती इंजिन थोडा वेळ चालवून बंद करी, कारण कोमट तेल पातळ होते आणि सहज वर येते. इंजिनाखाली जुन्या दुपट्याचे तुकडे अंथरी. तेल मोजायची पट्टी बाहेर काढून त्याच भोकातून माझी नळी तळापर्यंत सोडी आणि सावकाश मूठ ओढू लागे. काळे तेल माझ्या पोटातून मुकाट्याने डब्यात जाई. फिल्टर काढायच्या आधी ती त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवी, म्हणजे फिल्टर आणि त्यातले तेल दोन्ही पिशवीतच उतरे. काम संपले की दुपटे कोरडे ते कोरडे. कप्तान मात्र तोंड फिरवून नदीकडे बघत बसत. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

अशात तपासनिसांचा निरोप आला. सोमवारी सकाळी ते होडी तपासणार होते. धक्क्यावरची जागा ठेवायची की काढायची, हे त्या दिवशी ठरणार होते.

सोमवारी सूनबाईने इंजिन तापवून बंद केले. तेल बदलून, सगळे लखलखीत करून होडी दाखवायची असा तिचा बेत होता. वर धक्क्यावर मंडळी जमू लागली होती. पहिल्या फेरीला थोडा उशीर होईल हे त्यांना सांगायला ती निघाली आणि जाता जाता म्हणाली, "बाबा, तोवर तेल काढून ठेवता का?"

बघा हं, आता इथेच घोटाळा झाला. सूनबाईला म्हणायचे होते की इंजिनातले जुने तेल काढून ठेवा. सासऱ्यांनी स्वतःहून इंजिनाला हात लावावा, अशी तिची केव्हापासूनची इच्छा. कप्तानांना वाटले, मला कोण इंजिनाला हात लावू देतंय? ती नव्या तेलाचा डबा पेटीतून काढून ठेवायला सांगतेय. डबा पेटीच्या तळाशी होता आणि त्याच्यावर मी होतो. त्यांनी मला उचलून इंजिनाच्या झाकणावर ठेवले, डबा बाहेर काढला आणि माझ्याशेजारी मांडला.

सूनबाई परत आली. तिने विचारले, "काढलं का तेल?"

"काढलं की," कप्तान म्हणाले.

तिने मला झाकणावर पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. बाबांनी पंप हातात घेतला, हीच तिच्या लेखी केवढी मोठी गोष्ट. जुन्या तेलाचा डबा उचलून पाहिला असता, तर तो रिकामा आहे हे तिला लगेच कळले असते. पण सासऱ्यांनी केलेले काम त्यांच्यादेखत तपासायचे तिच्या जिवावर आले. तिने पिशवी चढवून फिल्टर बदलला आणि नवे तेल ओतायला घेतले. माझ्या पोटातून त्या सकाळी थेंबही गेला नव्हता. मी तिथेच पडून सगळे बघत होतो आणि ओरडायला मला तोंड नव्हते. नळी असणे वेगळे आणि तोंड असणे वेगळे, हे मला त्या दिवशी कळले.

अख्खा डबा ओतून झाल्यावर तिने पट्टी बुडवून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ पट्टीच्या मुठीपर्यंत आले होते. तिने पट्टी पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

"बाबा, तेल काढलं होतंत ना?"

"हे काय, काढून तुझ्यासमोर तर ठेवलं," म्हणत कप्तानांनी रिकामा डबा दाखवला. मग दोघेही त्या डब्याकडे बघत राहिले आणि दोघांनाही एकदमच उमगले. एकाच शब्दाने दोघांना दोन वाटांना लावले होते.

आता त्या स्थितीत इंजिन चालवले असते, तर जादा तेलाने मिळेल त्या फटीतून उसळी मारली असती. तळ भरला असता, नदीत तवंग गेला असता, आणि तोही तपासनिसांच्या डोळ्यांदेखत. धक्क्याच्या पायऱ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज येऊ लागला होता. कप्तानांचे हात सवयीने चालले. त्यांनी पाना उचलला आणि खालचा बोल्ट सोडायला ते पालथे होऊ लागले. एवढे तेल भरलेले असताना तो बोल्ट सुटला असता, तर सगळे खलासच होते.

सूनबाईने त्यांचा हात धरला. "बाबा, पाना नको. पंप घ्या."

कप्तान थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला नाही येत गं तो."

मित्रांनो, इतकी वर्षे ज्यांनी मला पिचकारी म्हटले, त्यांच्या तोंडून हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. मला त्यांची फार दया आली.

"मी नळी धरते," सूनबाई म्हणाली. "तुम्ही फक्त मूठ ओढा. सावकाश."

त्यांनी मला उचलले. काय हात होता तो. आयुष्यभर दोर ओढलेला, खरखरीत आणि ताकदीचा. पहिला झटका जरा जोरात बसला आणि माझ्या पोटात नुसते बुडबुडे आले. दुसऱ्याला त्यांना माझी चाल सापडली. मग ओढ, दाब, ओढ, दाब, अशी आमची लय लागली. इंजिन अजून कोमट होते, तेल सळसळत वर येत होते आणि ज्या डब्यातून नवे तेल ओतले त्याच डब्यात काळे होऊन परत जात होते. तपासनीस होडीत उतरले आणि उभे राहून बघू लागले. माझ्या मुठीपासून नळीच्या टोकापर्यंत सगळा जीव एकवटून मी काम केले. लेथवाल्या काकांनी म्हटलेला दम मी त्या दिवशी पुरता दाखवला.

सूनबाईने पट्टी पाहिली. तेल बरोबर खुणेवर होते. नव्याजुन्याची मिसळ झाली होती खरी, पण ती आजच्या दिवसाला चालणार होती, उद्या पुन्हा नीट बदलता आले असते. कप्तानांनी माझी नळी डब्यातून उचलली आणि नेमका तेव्हा तिच्या टोकाशी एक थेंब लोंबू लागला. खाली उघडी फळी, समोर तपासनीस. कप्तानांनी शांतपणे आपला तळहात खाली धरला, थेंब झेलला आणि मूठ मिटली.

तपासनिसांनी तळाच्या फळ्या उचलायला लावल्या. खिशातला पांढरा रुमाल काढून त्यांनी तळ चांगला घासून पुसला. रुमालावर धूळ आली, तेल आले नाही. मग त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले आणि मागच्या बाजूला वाकून बराच वेळ पाणी न्याहाळले. पाण्यावर फेस होता, रंग नव्हता.

"चांगलं ठेवलंय," ते म्हणाले. "कुणी केलं?"

"आम्ही तिघांनी," कप्तान म्हणाले.

तपासनिसांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांना दोघेच दिसत होते. कप्तानांनी मला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर धरले, जसे घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसे. मी आनंदाने नुसता चमकत होतो. धक्क्यावरच्या मंडळींना काय चालले आहे ते पुरते कळले नव्हते, पण तपासनिसांनी मान डोलावलेली पाहून नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. होडी भरून निघाली. धक्का आमचाच राहिला.

तेव्हापासून आमच्या होडीत एक नेम झाला आहे. जुने तेल असेल तर 'उपसलं' म्हणायचे आणि नवे असेल तर 'डबा काढला' म्हणायचे. नुसते 'काढलं' म्हणायला दोघांनाही बंदी आहे. शिवाय कामाची तपासणी केली म्हणजे मोठ्यांचा अपमान होत नाही, हेही ठरले आहे.

आता धक्क्यावरचे बाकीचे होडीवाले मला मागायला येतात. कप्तान मला कुणाला देत नाहीत. ते म्हणतात, "पंप एकटा येत नसतो, मी बरोबर येतो." मग गुडघे धरत ते दुसऱ्याच्या होडीत उतरतात, दुपटे अंथरतात आणि तिथल्या माणसाला मूठ सावकाश कशी ओढायची ते दाखवतात. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा दणदणीत झाला आहे. नदीवर आता कुणाच्याच होडीमागे तवंग दिसत नाही, आणि खालच्या अंगाला बायका निर्धास्त घागरी भरतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी माझ्यासारखे एखाद्या पेटीच्या तळाशी पडले असेल. त्याला एकदा बाहेर काढा, पुसा, त्याच्यात दम आहे का ते पाहा. आणि काम झाल्यावर त्याला तसेच टाकू नका. कप्तान रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसतात, माझ्या नळ्यांना बुचे लावतात, आणि मला पेटीत न ठेवता सुकाणूशेजारच्या खुंटीला टांगतात. तिथून मला अख्खी नदी दिसते.