तोतया त्रिशंकू

जेवण उरकलं की दुर्बीण गळ्यात अडकवून गच्चीवर पळायचं, ही कप्तानांची नवी थेरं आक्काला मुळीच खपत नव्हती. बायको बोलली की यांना ऐकू येत नाही, आणि वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या भूगोलाच्या बाई पुटपुटल्या तरी अक्षर न् अक्षर कळतं. बाई निवृत्त, एकट्या, आणि या वयात केस मोकळे सोडणाऱ्या.

"मान दुखते ना तुमची?" आक्कानं विचारून पाहिलं.

"दक्षिणेचे तारे खालीच असतात. मान वर करावी लागत नाही," म्हणत कप्तान चपला सरकवून गेलेसुद्धा.

आक्का मागोमाग निघाली. "वाळत घातलेले कपडे राहिलेत," तिनं सुनेला सांगितलं.

"मी दुपारीच काढले, आई."

"मग चिमटे राहिले असतील."

गच्चीच्या दारातच ती थबकली. कठड्याशी दोघं खांद्याला खांदा लावून उभे.

"तो बघा त्रिशंकू," कप्तानांनी उजवीकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या. "पुन्हा फसलात. तो तोतया. चार ताऱ्यांचा क्रूस तसाच, मोठा, पण फिका. खरा लहान आणि ठसठशीत असतो. त्याच्या डावीकडे दोन तेजस्वी तारे दिसले तरच खरा." त्यांनी कप्तानांचं कोपर धरून दुर्बीण डावीकडे वळवली.

"अरेच्चा. रोज कसा घोटाळा होतो बघा," कप्तान म्हणाले.

आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसानं उभा जन्म मासेमारीच्या बोटीचं सुकाणू धरलं होतं. यांच्या भरवशावर खलाशी घोरत पडायचे. नव्या नवरीला बोटीवर नेऊन, तिचंच बोट धरून, यांनी हाच त्रिशंकू दाखवला होता. ते दोन तारेही, आणि तोतयासुद्धा. तिची शाळा चौथीत सुटली, पण तेवढं आकाश तिला पाठ होतं. यांना विसर पडणं शक्यच नव्हतं. हे चुकत होते ते मुद्दाम. कुणीतरी कोपर धरावं म्हणून. आणि त्यासाठी तिच्या वाटणीचं आकाश खुशाल खोटं पाडत होते.

ती सरळ दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. बाई बाजूला सरकल्या. कप्तानांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा चेहरा पडला.

"ज्या माणसाला त्रिशंकू सापडत नाही," आक्का त्यांच्याकडे बघत म्हणाली, "त्याला अंधारात एकटं सोडणं बरं नव्हे. उद्यापासून मी बरोबर येणार. आणि कोपर मी धरणार."