तिरपी टिटवी

यंत्राच्या जबड्यात पोलादाचा ठोकळा आवळून बसवला होता, आणि त्याच्यापुढे ओस्विन थ्यूलिस टाय लावून उभे होते. टोपी हातात. चॅपेलमध्ये नातवाच्या बाप्तिस्म्याला आजोबा उभे राहतात, अगदी तसे.

"अहो, बसा की," क्वॉर्म्बी म्हणाला. "पोलाद आहे ते. पळून नाही जायचं."

"ही काय बसून बघायची गोष्ट आहे?"

"मग उभे राहा. पण मशीनवर हुंदके देऊ नका, गंजेल ते."

ओस्विन हसले. बाहेर कोल्न नदीच्या दरीत धुकं भरलं होतं. बंद पडलेल्या गिरणीची चिमणी तेवढी वर, बुडत्याच्या हातासारखी. कारखान्यात तेलाचा वास, किटलीची वाफ, आणि डब्यात ओस्विननी घरून आणलेला आल्याचा केक. पहिला काप पोलादावर पडला की दुसरा केकवर पाडायचा, असं ठरलं होतं.

त्या ठोकळ्यातून साचा निघणार होता, आणि साच्यातून तळहाताएवढी लॅपविंग, खऱ्या रेल्वे इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती. लॅपविंग म्हणजे टिटवी. पण ही टिटवी डिझेलची. नमुन्यादाखल बांधलेलं एकच इंजिन, फिकट हिरव्या अंगाचं. थोडे दिवस डोंगर ओलांडून गाड्या ओढल्या, दुसरं कुणी मागवलं नाही, आणि शेवटी भंगारवाल्याने तिचे तुकडे केले. अंडं नाही, पिल्लू नाही. मागे उरले ते फोटो, आणि तिच्यावर जीव टाकणारी आमच्यासारखी माणसं. मी आराखडे काढते, क्वॉर्म्बी साचे कापतो. दोघांची मिळून एवढीशी कंपनी. कापलेलं पोलाद पुन्हा भरून येत नाही. साचा चुकला तर दुसरा करायची ऐपत आमच्यात नव्हती.

ही टिटवी आम्ही निवडली ती ओस्विनमुळे. तिचे सगळे फोटो एकाच अंगाचे, फलाटाच्या बाजूने काढलेले. त्या अंगाला रेडिएटरची मोठी जाळी डाव्या टोकाला. दुसरं अंग आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. मग ओस्विनना जुन्या बाजारात एक फोटो सापडला: कारखान्याच्या आवारात उभी लॅपविंग, नुसत्या पहिल्या हाताच्या करड्या रंगात, अजून नाव नाही, नंबर नाही. अंग दुसरं, आणि जाळी इथेही डावीकडेच. म्हणजे दोन्ही अंगांच्या जाळ्या इंजिनाच्या विरुद्ध टोकांना, तिरप्या रेषेत. यावरून ओस्विननी मांडलं की आत दोन छोटी इंजिनं असणार आणि दोघांचा वारा उलट दिशांनी खेचला जात असणार. आमच्या रेल्वेवेड्यांच्या क्लबात आधी लोक हसले. "आला तिरपा ओस्विन," म्हणायचे. मग हळूहळू पटत गेलं. टिंगलीचं नाव मानाचं झालं. आता गिऱ्हाइकं विचारायची ती "तिरपी टिटवी कधी येणार?" असंच.

मला बघायला शिकवलं तेही ओस्विननीच. बिजागरी कुठे आहे, सावली कुठे पडते, दाराची फट कुठे संपते. "इंजिन सांगत असतं, पोरी. आपण ऐकायचं."

क्वॉर्म्बीने मशीनचा दिवा लावला. "नेस्टा, साच्याच्या कोपऱ्यात बोटभर जागा रिकामी राहतेय. वाया कशाला घालवायची? एक माणूस बसवू, बाहुला. फोटोत कुणी बुवा आहे ना?"

"तो!" ओस्विन फणकारले. "मेल्याला उभं राहायला दुसरी जागा मिळाली नाही. त्याच्या कोपराने माझ्या जाळीच्या दोन पट्ट्या खाल्ल्यात."

आमच्या लोकांची ही खोडच. इंजिनापुढे माणूस आला की आम्हाला तो फोटोवरचा डाग वाटतो. ओस्विननी तर त्या बुवावर कागदाची पट्टीच डकवून टाकली होती. मी आराखडा काढला तो पट्टीसकट फोटोवरून. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्याचा हात कुठल्या खिशात आहे तेवढं सांग," क्वॉर्म्बी म्हणाला. "आता सरळ, फलाटाकडची बाजू कापायला घेतो, उलटी नंतर. बाहुल्याचं दुपारपर्यंत कळलं तरी चालेल."

मी पट्टी उचलली. चिकटपट्टी वाळून पिवळी पडली होती; आवाजसुद्धा न करता सुटली.

खाली एक हसरा माणूस. लांब ओव्हरकोट, केस विस्कटलेले, एक हात खिशात. कोटाच्या कॉलरवर एक काळं फूल. फोटोत काळं, खरं तर लालच असणार. कागदी पॉपी. नोव्हेंबरात लढाईत मेलेल्यांसाठी आम्ही सगळेच लावतो.

फुलाची पाकळी कशी बसते ते बघावं म्हणून मी मान वर केली. समोर ओस्विन. त्यांच्याही कोटावर तेच फूल. डाव्या बाजूला, काळजावर, जिथे पुरुषाच्या कोटाला त्यासाठी काज असतं.

मी पुन्हा फोटो पाहिला.

त्या माणसाचं फूल त्याच्या उजवीकडे होतं.

चूक झाली असेल त्याची, मी मनाला म्हटलं. घाईत लावलं असेल. भिंग घेतलं. काजही उजवीकडेच. कोट मिटलेला, पण बायकांच्या कोटासारखा, उजवी बाजू वर. असा कोट कुठला शिंपी पुरुषाला शिवेल?

फोटो उलटा छापलेला होता. फिल्म पालथी ठेवून. नाव नाही, नंबर नाही, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. सुलटा केला तर जाळी उजव्या टोकाला जाणार. म्हणजे पलीकडच्या जाळीच्या पाठीला पाठ लावून, एकाच टोकाला. साधं, सरळ, इतर दहा इंजिनांसारखं.

तिरपी टिटवी नव्हतीच.

"चला," क्वॉर्म्बी म्हणाला. पातं फिरायला लागलं. आधी घरघर, मग बारीक शीळ. ओस्विननी टोपी छातीशी धरली.

काय करावं? सरळ बाजू बरोबरच होती. तिला कापू द्यावं, मग एकांतात सांगावं? की सांगूच नये? पट्टी परत डकवायची. ज्यांना ते अंग माहीत होतं ते सगळे गेले. ओस्विनच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चाललाय. वसंतापर्यंत स्पष्ट दिसेल की नाही कोण जाणे. आणि जगात ज्या एका गोष्टीला त्यांचं नाव लागलं, ती ही.

पण इंजिन सांगत असतं. हे मला कुणी शिकवलं होतं?

"थांबव!"

क्वॉर्म्बीने बटण दाबलं. शीळ विरत विरत बंद झाली. "काय झालं बाई? बोट कापलं?"

"ओस्विन, तुमचं फूल," मी म्हटलं. "आणि ह्याचं बघा."

त्यांनी फोटो नाकाशी नेला. बराच वेळ बघत राहिले. मग मान हलवली. "उजवीकडे लावलंय. असतात काही वेंधळे."

"काजही उजवीकडे आहे."

"उसना कोट असेल."

"बाईचा?"

"का नाही? थंडी होती!" त्यांचा आवाज चढला. "नेस्टा, त्या माणसाशी मला काही देणंघेणं नाही. मी इंजिन बघितलं. वीस वर्षं तेवढंच बघितलं!"

"म्हणूनच हुकलं असेल," क्वॉर्म्बी पुटपुटला.

"तू तुझं पोलाद सांभाळ!"

क्वॉर्म्बी पोलादाकडे वळला. किटलीचं झाकण तेवढं थडथडत होतं. ओस्विनच्या मानेवरची शीर टरारली होती, आणि मला वाटलं, गेलं. आपलं माणूस गेलं. आता हे टोपी घालतील, दार ओढतील, आणि पुन्हा कधी मला पोरी म्हणणार नाहीत.

टोपी त्यांनी घातलीच. पण दाराकडे नाही, हात धुवायच्या बेसिनकडे गेले. वर क्वॉर्म्बीचा दाढीचा आरसा टांगलेला, कोपरा फुटका. ओस्विन त्याच्यासमोर उभे राहिले आणि फोटो आरशातल्या आपल्या गालाशेजारी धरला, तोंड स्वतःकडे, काचेला लागेल इतका.

आरशात म्हातारा ओस्विन, कोटावर लाल फूल. शेजारी, त्यांच्या हातातल्या कागदावर, तो हसरा माणूस, फूल काळं. दोन्ही फुलं एकाच बाजूला.

"आरशातला आहे हा," ओस्विन हळू म्हणाले. "माझ्यासारखाच."

मग त्यांनी फोटो वळवला, आरशाकडे तोंड करून. काचेत तो कोट मुकाट्याने सुलटा झाला, फूल काळजावर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला आलं. आणि त्याच्यामागे करडी टिटवी जाळीसकट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वळली. इतकी सहज, जणू इतकी वर्षं तिला कुणी फिरवतंय का, याची वाट बघत होती.

ओस्विननी नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, नळ बंद केला. पाणी पुसलं नाही, तसंच ओघळू दिलं.

"दोन इंजिनं नव्हती," ते म्हणाले. "एकच होतं. साधं."

"आराखडा संध्याकाळपर्यंत बदलते," मी म्हटलं. "आणि खोक्यावर 'तिरपा ओस्विन' छापायचं ठरलंय, ते..."

"राहू दे. तिरपा तेवढं काढ." ते स्टुलावर बसले, त्या दिवशी पहिल्यांदा. "क्लबात सांगेन मी. मीच सांगणार, समजलं? तू मध्ये बोलू नकोस."

"हसतील ते," क्वॉर्म्बी म्हणाला. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"हसू देत. आधीही हसलेच होते, सराव आहे मला." त्यांनी डबा पुढे ओढला, केकचा पहिला काप पाडला, तुकडा वेडावाकडा निघाला. तो त्यांनी मला दिला. "आणि तो बाहुला घाल कोपऱ्यात, पोरी. कोपरासकट घाल. एवढी वर्षं बिचाऱ्याचं तोंड बांधून ठेवलं मी."

क्वॉर्म्बी पुन्हा मशीनपाशी गेला. बटणावर बोट ठेवून मागे वळला. "सरळ बाजू आता कापून टाकतो. पण उलट्या बाजूचं नक्की सांगा एकदा, हात जोडतो. जाळी कुठे?"

ओस्विननी फोटो आरशासमोर पुन्हा एकदा धरला आणि टोपीच्या छायेखालून बघितलं.

"फूल आहे त्या बाजूला," ते म्हणाले.